तोलाची खोटी बातमी

दोन्ही कानांमागे हाताला लागणाऱ्या टणक हाडावर एकेक इलेक्ट्रोड चिकटवायचा. माणसानं डोळे मिटून, पावलं जुळवून उभं राहायचं. मग जेमतेम एक मिलिअँपिअर प्रवाह सोडला की तो एका बाजूला झुकतो, आणि दर वेळी ॲनोडच्या, म्हणजे धन टोकाच्या बाजूलाच. (प्रयोगशाळेतला प्रयोग आहे हा; घरची बॅटरी कानाला लावायची नाही.)

प्रवाहानं त्याला ओढलं, असं वाटणं साहजिक आहे. पण तसं नाही. अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळल्याची खबर देतात, आणि चुन्याच्या बारीक खड्यांनी भारलेल्या दोन पिशव्या ते कलल्याची. इथले मज्जातंतू कधीच गप्प नसतात. आपण स्तब्ध उभे असतानाही त्यांतून सेकंदाला कित्येक स्पंदनं जात असतात. डोकं एकीकडे गेलं की त्या बाजूची स्पंदनं वाढतात, दुसरीकडची घटतात, आणि मेंदू हा फरक वाचतो. प्रवाह नेमका याच हिशेबात ढवळाढवळ करतो: कॅथोडच्या बाजूला स्पंदनं वाढवतो, ॲनोडच्या बाजूला कमी करतो. मेंदूला वाटतं, आपण कॅथोडकडे कोसळतोय. तो घाईनं उलट्या बाजूला सावरायला जातो. आपल्याला दिसतो तो झोक म्हणजे न पडलेल्या माणसानं स्वतःला सावरणं.

खरी गंमत पुढे आहे. इलेक्ट्रोड तेच, प्रवाह तोच. फक्त मान डाव्या खांद्याकडे वळवायला सांगा. ॲनोड उजव्या कानामागे असेल तर माणूस आता पुढे झुकतो, कारण उजवा कान पुढे आलेला असतो. म्हणजे कानाची बातमी तशीच्या तशी पायांना पोचत नाही. मानेचं वळण जमेस धरूनच हुकूम सुटतो. तोच माणूस खुर्चीत टेकून बसला, तर पायांचे स्नायू जवळपास दखलच घेत नाहीत. तोल सांभाळायचं काम त्यांच्याकडे नसतंच. डोळे उघडले की झोक कमी होतो, फोमच्या गादीवर उभं केलं की वाढतो. स्थिर वस्तूला नुसतं बोट टेकवलं तरी तो घटतो. त्या बोटाच्या आधारानं शरीर पेललं जाणं शक्यच नाही. मेंदूला मिळते ती फक्त दुसरी साक्ष.

इटलीच्या व्होल्टानं तर आपली नवी बॅटरी स्वतःच्याच कानांना जोडून पाहिली होती. डोक्यात धक्का बसला आणि काहीतरी दाट उकळत असल्यासारखा आवाज आला, असं त्यानं 1800च्या पत्रात लिहिलं, आणि धोका वाटून तो प्रयोग सोडून दिला. शहाणपणा केला!

आजचा उपयोग जास्त सौम्य आहे. जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकामुळे काहींच्या दोन्ही अंतर्कर्णांतल्या संवेदक पेशी निकामी होतात. अंधारात, खडबडीत वाटेवर ही माणसं लडखडतात. पेशी गेल्या तरी मज्जातंतू शाबूत असेल, तर तो प्रवाहाला उत्तर देऊ शकतो. जाणवणारही नाही इतका क्षीण आणि मुद्दाम अनियमित ठेवलेला प्रवाह दिला, तर अशा काही रुग्णांचं उभ्यानं डोलणं कमी झाल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. विचित्र वाटेल, पण थोड्याशा गोंगाटानं दुबळा संकेत उठून दिसू शकतो. फायदा मात्र माफक, आणि माणसागणिक वेगळा. तोल सावरणारी पट्टी म्हणून कुणी काही विकायला आलं, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना गाठावं.