घरातील उंदरांचा बंदोबस्त : सापळे कसे मांडावेत

सुगी आटोपते, ज्वारी उफणून व वाळवून घरात येते, आणि कणगी भरल्याचे समाधान चार दिवस टिकते न टिकते तोच रात्री माळ्यावर खुडबुड सुरू होते. मग आठवडी बाजारातून एक पिंजरा आणला जातो. त्यात शिळ्या भाकरीचा तुकडा अडकवून तो स्वयंपाकघराच्या मध्यभागी ठेवतात. दोन रात्री तो रिकामा राहिला की हल्लीचे उंदीर फार शहाणे झाले, असे म्हणून त्याची रवानगी फडताळावर होते. वास्तविक यात दोष पिंजऱ्याचा नसून मांडणीचा असतो.

सापळा मांडण्यापूर्वी घरात कोण वावरत आहे हे ओळखले पाहिजे. आढे, वासे आणि तुळया यांवरून धावतो तो मोठा घरउंदीर. तो फार संशयी असतो. नेहमीच्या वाटेवर नवी वस्तू दिसली की कित्येक रात्री तिच्याजवळ फिरकत नाही. याउलट जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा लहान उंदीर चौकस असतो व नव्या वस्तूची चौकशी लगेच करतो. मात्र तो बिळापासून फार लांब जात नाही. बहुधा आठ-दहा मीटरांच्या आतच त्याचा सारा संसार असतो. स्वयंपाकघरातील पिंजरा धान्याच्या खोलीतील उंदराला का सापडत नाही, याचे उत्तर येथेच आहे. तिसरी चिचुंद्री. लांब नाकाची व उग्र वासाची ही चिचुंद्री उंदीर नव्हे. ती झुरळे व किडे खाते. पिंजऱ्यात आली तर तिला बाहेर सोडून द्यावे.

लहान उंदीर दिवसाला सुमारे तीन ग्रॅम धान्य खातो. ऐकावयास हे क्षुल्लक वाटते. परंतु घरात वीस उंदीर असतील तर वर्षाकाठी जवळजवळ 22 किलो धान्य त्यांच्या पोटात जाते, आणि लेंड्या व मूत्र यांनी नासते ते निराळेच. शिवाय मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिले देते, आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. म्हणून आठवड्याला एक उंदीर पकडून हा हिशेब कधीच जुळणार नाही. थोड्या रात्रींत पुष्कळ सापळे लावणे हाच खरा उपाय होय. एका घरापाशी तितके सापळे नसतील तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून ते जमवावेत आणि पाळीपाळीने वापरावेत. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत एकट्याने केलेला बंदोबस्त तसाही फार दिवस टिकत नाही.

वाटा शोधण्यासाठी संध्याकाळी भिंतींच्या कडेने राख किंवा रांगोळी पातळ पसरावी. सकाळी पावलांच्या खुणा स्पष्ट दिसतात. उंदीर मोकळ्या जागेतून जाण्याचे टाळतो व भिंतीला अंग घासत चालतो. म्हणून सापळाही भिंतीलगतच हवा. तारेच्या पिंजऱ्याचे तोंड त्याच्या वाटेकडे करावे. चाप असेल तर तो भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीला टेकवून ठेवावा. लहान उंदरांसाठी दोन सापळ्यांत दोन-तीन मीटरांहून अधिक अंतर नसावे. मोठ्या उंदरासाठी सापळा त्याच्या तुळईवरच पक्का बांधावा. हात जाईल अशा जागी मुलांच्या नजरेस चाप पडू देऊ नये, हे सांगावयास नकोच.

ज्या खोलीत धान्याच्या राशी आहेत तेथे उंदराला भाकरीचे अप्रूप ते काय असणार ? तेथे तेलकट व वासाचा पदार्थ चालतो : भज्याचा तुकडा, भाजलेला शेंगदाणा, सुके खोबरे किंवा बोंबील. चापावर आमिष दोऱ्याने बांधावे, नाही तर उंदीर ते अलगद उचलून नेतो. मोठा उंदीर असेल तर पहिल्या तीन-चार रात्री आमिष ठेवावे, परंतु सापळा लावू नये. आमिष बिनधोक खाल्ले जाऊ लागले की एकाच रात्री सर्व सापळे लावावेत. हा धीर फार थोडे लोक धरतात. ज्यांनी धरला त्यांना मात्र त्याचे फळ मिळाले आहे. सांडलेला दाणा, जनावरांची उघडी पेंड व रात्रीची खरकटी भांडी तत्पूर्वी आवरली पाहिजेत. शक्य तर धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरावे; शेणाने लिंपलेली कणगी कुरतडण्यास उंदराला वेळ लागत नाही.

कित्येक जण पकडलेला उंदीर गावाबाहेर नेऊन सोडतात. गणरायाच्या वाहनाविषयीची भावना समजण्यासारखी आहे. परंतु सोडलेला उंदीर कोणाच्या तरी शेतात किंवा घरात शिरणारच. ज्यांना हिंसा रुचत नाही त्यांनी धान्य बंद करण्यावर व बिळे बुजविण्यावर सारा भर द्यावा. शिसपेन्सिल आत जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर सहज जातो. घराच्या आतील बिळे सापळ्यांचे काम संपल्यावर काचेचे तुकडे व सिमेंट भरून बुजवावीत.

राहत्या घरात विष वापरण्याचा मोह टाळावा. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात ठेवणे हे तर जिवाशी खेळणे आहे. त्यांतून निघणारा फॉस्फीन वायू झोपलेल्या माणसांचाही बळी घेतो. विष खाल्लेला उंदीर माळ्यावर कोठे मरून पडेल हेही सांगता येत नाही. सापळ्यात काय सापडले ते निदान डोळ्यांसमोर असते.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. चिमट्याने किंवा हाताला पिशवी गुंडाळून तो उचलावा, खोल पुरावा व हात साबणाने धुवावेत. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो. आणि सापळा नसता, विष नसता घरात उंदीर पटापट मरून पडू लागले, तर आनंद मानू नये. मुंबईत 1896 साली प्लेग आला तेव्हापासून उंदीर पडू लागले की घर सोडावे, हे आपल्याकडील वृद्धांना ठाऊक होते. 1994 साली बीड जिल्ह्यात त्या रोगाची आठवण पुन्हा झाली. अशा वेळी त्या उंदरांना स्पर्श न करता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात वर्दी द्यावी.