फाळक्यांचा कॅमेरा आणि वाटाण्याचा अंकुर

त्र्यंबकेश्वरी 30 एप्रिल 1870 रोजी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांची ओळख ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाशी जोडलेली आहे. पण त्याआधी त्यांच्या कॅमेऱ्याने एक छोटेसे काम केले होते. माझ्या मते भारतीय कॅमेऱ्याचे पहिले संशोधन तेच.

फेब्रुवारी 1912 मध्ये फाळके लंडनला गेले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडायचे यंत्र त्यांनी तिथून मिळवले. कॅमेरा हँडलचा. त्या काळच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्याला साधारण आठ चित्रे उठत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. हात चुकला की पडद्यावरची माणसे धावू तरी लागत, नाहीतर रेंगाळत. कोऱ्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून करत.

चित्रपटासाठी भांडवल मागायचे तर हाती काही दाखवायला हवे. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून जास्त काळ नेमाने एकेक चित्र घेतले. फिल्म चालवली तेव्हा अंकुर फुटला आणि वेल बघता बघता वर चढला. रोज डोळ्यांसमोर असूनही जी वाढ दिसत नाही, ती कॅमेऱ्याने दाखवली. ते पाहणाऱ्यांचा विश्वास बसला आणि पैसा उभा राहिला. पुढे नाशिकला आल्यावर ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रपटात त्यांनी काड्याही अशाच चालवल्या.

हाताची जागा मोटरने घेतली तेव्हा डोळ्याला न दिसणारे कॅमेऱ्याने दाखवण्याचा हा शोध आणखी पुढे गेला. कॅनडाचे चित्रपटकार मायकेल स्नो यांनी 1970 मध्ये क्यूबेकच्या उत्तरेकडील एका निर्जन डोंगरमाथ्यावर पिएर अबेलूस यांनी बनवलेले यंत्र उभे केले. त्याच्या हातावर बसवलेला कॅमेरा सर्व दिशांना गोल फिरे आणि त्याचे नियंत्रण दुरून होई. ‘ला रेजिओं सांत्राल’ हा तीन तासांचा चित्रपट त्यातून 1971 मध्ये झाला. पडद्यावर खडक, आकाश आणि क्षितिज. माणूस एकही नाही. जमीन कुठली, आभाळ कुठले, हेही पाहणाऱ्याला नव्याने ठरवावे लागते.

असे काम नाशिकला सहज होण्याजोगे आहे. गोदेला पूर आला की ‘पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?’ हा इथला पहिला प्रश्न. नदीच्या पात्रातल्या या मूर्तीचे पाय, कंबर, छाती, गळा हेच इथले पुराचे माप. त्या मूर्तीसमोर एकाच जागी कॅमेरा ठेवून वर्षभर ठरावीक वेळाने चित्र घेतले, तर उन्हाळ्यातला कोरडा घाट, पुराचे गढूळ पाणी आणि पर्वणीची गर्दी एका ओळीत दिसतील. वेळ लावून चित्र घेण्याची सोय आज साध्या मोबाइलमध्येही आहे. नाशिकच्या कला महाविद्यालयांनी हे काम अंगावर घ्यावे. फाळक्यांच्या गावाने त्यांचे स्मारक उभारले. आता त्यांचा प्रयोगही पुढे न्यावा.