सातपुड्यातला केसाळ माणूस

मोहाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात माणसाएवढे, केसाळ असे काही तरी दोन पायांवर उभे असलेले दिसले, ही हकीकत अक्राणी-अक्कलकुव्याकडे मजुरांत फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या कानांवर अधूनमधून येतेच. एका कुटुंबाने ती आम्हांस सविस्तर सांगितली. मोहाची फुले वेचण्यासाठी ही मंडळी मुलाबाळांसह रानातच मुक्कामाला होती. उजाडण्यापूर्वी कुत्रा केकाटला. पाहतात तो चाळीस-पन्नास पावलांवर काळी आकृती उभी; छातीवर पांढुरके काही, खांद्यामागे जणू दुसरे डोके, आणि लोहाराचा भाता चालावा तसा आवाज. पाहता पाहता ती दिसेनाशी झाली. दिवस वर आल्यावर झऱ्याकाठच्या ओल्या मातीत अनवाणी माणसाचा वाटावा असा पायाचा ठसा सापडला. आजी म्हणाली, "अस्तंब्याचा बाबा." तालुक्याला शिकणारा नातू म्हणाला, "आजी, अमेरिकेत याला बिगफूट म्हणतात, मोबाईलवर चित्रं आहेत."

श्रोतेहो, अशा वेळी शहरी माणूस हसून मोकळा होतो. आमचे मत असे की दोघांचेही नीट ऐकून घ्यावे, आणि मग प्रश्न विचारावेत.

आजीचा बाबा म्हणजे अश्वत्थामा. महाभारताच्या सौप्तिकपर्वात त्याच्या मस्तकावरचा मणी काढून घेतला जातो आणि वाहती जखम घेऊन रानोमाळ भटकण्याचा शाप त्याला मिळतो. तो शाप आपला माणूस सातपुड्यात भोगतो, अशी या भागाची श्रद्धा आहे. धडगाव तालुक्यात चार हजार फुटांहून उंच असे अस्तंब्याचे शिखर आहे. दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सुमारास, तिथे मोठी यात्रा भरते आणि हजारो माणसे रात्री डोंगर चढतात. वाट चुकलेल्याला तो धिप्पाड पुरुष भेटतो, जखमेसाठी तेल मागतो, वाट दाखवतो. आजीच्या मनात हे चित्र लहानपणापासून तयार होते. अंधारात अर्धे दिसले, उरलेले अर्धे त्या चित्राने भरले.

नातवाच्या बिगफूटची जन्मकथा तर आम्हां मजूर-संघटनेच्या माणसांना फारच जवळची वाटावी. कॅलिफोर्नियातील ब्लफ क्रीक येथे जंगलातून रस्ता काढण्याचे काम चालू होते. १९५८ साली बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रू नावाच्या कामगाराला यंत्राभोवती प्रचंड पावले उमटलेली दिसली. त्याने प्लास्टरचा साचा काढला, स्थानिक पत्राने तो छापला आणि बिगफूट हे नाव देशभर झाले. कामाचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारले, तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठी पावले बाहेर काढली आणि हा त्यांचाच खेळ होता असे सांगितले. मजुराने जे पाहिले ते खरेच पाहिले होते, खोटा होता तो ठसा! सगळेच बिगफूट मात्र लाकडाचे नसतात. अमेरिका आणि कॅनडातील अशा 'दर्शनां'चा हिशेब २०२४ साली प्रसिद्ध झाला. माणसांची वस्ती आणि जंगलाचे क्षेत्र जमेस धरूनही, जिथे काळी अस्वले अधिक तिथे दर्शनेही अधिक, असे त्यात आढळले. हिमालयातही तेच. एरिक शिप्टन यांनी १९५१ साली मेनलुंग हिमनदीवर टिपलेल्या पावलाच्या छायाचित्राने यती जगप्रसिद्ध झाला. पण २०१७ साली यतीचे म्हणून जपलेल्या केस, हाडे, कातडी वगैरे नऊ नमुन्यांची आनुवंशिक तपासणी झाली, तेव्हा आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा.

आता आमच्या कुटुंबाची साक्ष तपासू. सातपुड्यात अस्वल आहे. पलीकडे गुजरातेत डुमखलचे अभयारण्य १९८२ साली मुळात अस्वलासाठीच झाले, तेच आजचे शूलपाणेश्वर. आपले अस्वल काळे, झिपऱ्या केसांचे. छातीवर पांढरट खूण. नजर अधू, नाक तीक्ष्ण. चाहूल लागली की अंदाज घेण्यासाठी मागच्या पायांवर उभे राहते. पिल्ले बहुधा थंडीत होतात आणि बिळातून बाहेर पडल्यावर कित्येक महिने आईच्या पाठीवर बसून हिंडतात. ते दुसरे डोके हेच. वारुळातली वाळवी ते फुंकून आणि ओढून खाते. तो भात्याचा आवाज शंभर पावलांपलीकडेही ऐकू जातो. माणसासारखेच ते पूर्ण तळवा टेकून चालते, आणि पुढच्या पायाच्या ठशावर मागचा पडला की पाऊल अधिकच लांब दिसते. फरक बोटांत पाहावा. माणसाचा अंगठा आतल्या बाजूस ठसठशीत उमटतो. अस्वलाची पाचही बोटे जवळजवळ एका ओळीत असतात, आणि माती मऊ असली तर पुढे नखांच्या खुणा.

ओळखण्यात चूक होते ती अडाण्यांचीच, असे कोणी समजू नये. जॉर्ज शॉ या नामांकित इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली याच प्राण्याला, लांब नखे आणि वरचे मधले दोन दात नसलेले पाहून, दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लोंबकळणाऱ्या स्लॉथच्या जातीत घातले! पुढे ते अस्वल ठरले, पण इंग्रजीत 'स्लॉथ बेअर' हे नाव चिकटले ते आजतागायत.

हा सारा ऊहापोह करमणुकीसाठी नाही. मोहाची फुले रात्रीतून गळतात आणि ती पहाटेच वेचावी लागतात. उशीर केला तर गुरे खातात. अस्वलालाही तीच फुले आवडतात आणि वेळही तीच. वाकून फुले वेचणारी बाई आणि पिलांची आई अंधारात एकाच झाडाखाली अचानक समोरासमोर आल्या की अस्वल पळत नाही, तोंडावर आणि डोक्यावर पंजे मारते. म्हणून झुंजूमुंजू झाल्यावरच निघावे, चार-पाच जणांनी मिळून निघावे, आणि झाडाजवळ जाताना मोठ्याने बोलत किंवा गात जावे, म्हणजे ते आधीच बाजूला होते. पिलू दिसले तर तिथूनच मागे फिरावे.

आणि दुसरे असे. महाराष्ट्र शासन वन्य प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू, अपंगत्व वा जखम झाल्यास अर्थसाहाय्य देते. त्या प्राण्यांच्या यादीत वाघ-बिबट्यांबरोबर अस्वलही आहे. यादीत 'बाबा' नाही, बिगफूटही नाही. जखमी बाईच्या घरचे भीतीने वा श्रद्धेने अस्वलाचे नाव घेतच नाहीत, आणि कागदावर 'अज्ञात कारण' पडले की पुढचे सारे अडते. म्हणून आमचे कार्यकर्ते वस्तीवर सांगतात: जखमीला आधी दवाखान्यात न्यावे, त्याच दिवशी वनरक्षकाला आणि पोलीस पाटलाला कळवावे, ठसा पाटीने झाकून ठेवावा, शेजारी काडी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे, झुडपाला अडकलेले केस उचलून कागदात गुंडाळावेत, आणि पंचनाम्यावर अंगठा देण्यापूर्वी तो कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा.