आकडा मोठा, उजेड थोडा

कॅमेऱ्याच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला असतो तो मेगापिक्सेलचा आकडा. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला ठळक आकड्यांचा मुळातच संशय येतो. कर्जाच्या अर्जातही उलाढालीचा आकडा असाच डोळ्यांत भरेलसा लिहिलेला असे. आम्ही चष्मा पुसून आतली पाने उलटायचो. उलाढाल कोटीची, पण हाती शिल्लक किती? कॅमेऱ्यालाही तोच प्रश्न विचारायचा असतो. मेगापिक्सेल एवढे, पण पदरात उजेड किती?

वाढदिवसाचा केक टिपायला खिशातला फोन पुरेसा आहे. त्यांनी या भानगडीत पडू नये. मी बोलतो आहे ते मुरलेल्या हौशी मंडळींविषयी. छायाचित्रणावर ज्यांचे पोट नाही, पण पाचगणीच्या पठारावरचा सूर्यास्त फिका आला तर रात्री ज्यांना जेवण गोड लागत नाही, अशी ही माणसे. यांतले बरेच जण निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशांतून कॅमेरा घेतात. तो पैसा पुन्हा यायचा नसतो, म्हणून पारख नीट हवी.

डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ साली बनवला. त्याच्या कृष्णधवल चित्रात अवघे १०,००० ठिपके होते, आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आजच्या साध्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल, म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके असतात. ही प्रगती खरीच. पण ठिपके वाढले म्हणजे चित्र त्याच पटीने चांगले झाले, हा समज खरा नव्हे.

अंगणात पावसाचे पाणी धरायला भांडी मांडली आहेत असे समजा. अंगण तेवढेच ठेवून भांड्यांची संख्या दुप्पट केली, तर प्रत्येक भांडे लहान घ्यावे लागेल. पाणी काही जास्त मिळणार नाही. कॅमेऱ्यातले अंगण म्हणजे सेन्सर, भांडी म्हणजे पिक्सेल, आणि पाऊस म्हणजे उजेड. भर दुपारी मुसळधार पाऊस असतो, तेव्हा लहान भांडीही भरतात. कसोटी लागते ती दिवेलागणीला. भांड्यात चार थेंब पडले, तर चित्रात रांगोळी विस्कटल्यासारखे रंगीत कण दिसू लागतात.

हे कंपन्यांनाही ठाऊक असते. कॅननचा पॉवरशॉट जी-१० हा कॅमेरा २००८ साली आला, तो याच मुरलेल्या हौशींसाठी. त्यात १४.७ मेगापिक्सेल होते. पुढच्याच वर्षी जी-११ आला आणि त्यात होते फक्त १०! सेन्सरचे माप तेच, लेन्सचा पल्लाही तोच. कमी उजेडात चित्र स्वच्छ यावे म्हणून कंपनीने स्वतःच आकडा खाली आणला. २०१० च्या जी-१२ मध्येही तो दहावरच राहिला. नवे मॉडेल म्हणजे मोठा आकडा, या बाजारच्या रिवाजाला हा छेदच होता. त्यानंतर सेन्सरचे तंत्र पुष्कळ सुधारले, पण अंगणाचा हिशेब काही बदललेला नाही.

म्हणून माहितीपत्रकात आधी सेन्सरचे माप शोधावे. जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी जातीचा साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुधा सहा बाय साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. पहिल्याचे क्षेत्रफळ शेवटच्याच्या तीसपट भरते. जाहिरातीत मात्र दोन्हींचे मेगापिक्सेल सारखे असू शकतात.

अंगणानंतर पाहायची ती पागोळी, म्हणजे लेन्स. एफ-१.८ ची लेन्स एफ-५.६ च्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड आत घेते. इथे आकडा जितका लहान, तितके तोंड मोठे. बहुतेक मंडळी सगळा पैसा कॅमेऱ्याच्या धडावर घालवतात आणि सोबत फुकटात मिळाल्यासारखी येणारी लेन्स वर्षानुवर्षे वापरतात. हे म्हणजे बंगला बांधून खिडक्या ठेवायला विसरण्यासारखे आहे.

आमच्या शाखेतले एक निवृत्त हेडकॅशिअर गेल्या वर्षी माझ्याकडे चार माहितीपत्रके घेऊन आले. त्यांचा वाईचा जुना वाडा दिवाळीनंतर पाडायचा ठरला होता. ऐंशी ओलांडलेल्या काकू अजून तिथेच राहत होत्या. “साहेब, पंचेचाळीस मेगापिक्सेलचा घेऊन टाकू का? एकदाच काय ते!” त्यांनी विचारले. मी काही बोलण्याआधी वहिनींनी विचारले, “त्यात माजघरात बसलेल्या काकू दिसतील का? आणि तो फ्लॅश नको. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना डोळ्यांवर उजेड सोसत नाही.”

चारही पत्रकांत नसलेला निकष वहिनींनी एका वाक्यात सांगितला. एक छोटी खिडकी, एक चाळीसचा दिवा, आणि क्षणभर स्थिर न बसणारी म्हातारी. भिंती आणि कोनाडे तिपाईवर लावून सावकाश टिपता येतात. माणूस येत नाही. आम्ही दुकानात गेलो. आपले मेमरी कार्ड बरोबर नेले. दुकानदाराला विनंती करून काऊंटरमागचा अंधारा कोपरा निवडला, आयएसओ ३२०० वर ठेवला, आणि तिथे बसलेल्या पोऱ्याचे फोटो काढले. मग वर्तमानपत्राचे पान भिंतीला लावून टिपले, म्हणजे चारी कोपऱ्यांतली अक्षरे वाचता येतात की नाही ते समजते. घरी येऊन संगणकावर सगळे मोठे करून पाहिले. शेवटी घेतला तो चोवीस मेगापिक्सेलचा, एपीएस-सी सेन्सरचा वापरलेला कॅमेरा, आणि वाचलेल्या पैशांतून एफ-१.८ ची नवी लेन्स.

वापरलेला कॅमेरा घेताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे शटर किती वेळा पडले आहे तो आकडा. गाडीचे किलोमीटर पाहतो तसाच. दुसरी बुरशी. कोकणातच काय, वाई-महाबळेश्वरच्या पावसातही बंद कपाटातल्या लेन्सवर आतून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. लेन्समधून विजेरीचा झोत आरपार सोडला की ती दिसते. दिसली तर व्यवहार तिथेच थांबवावा. आपल्या लेन्ससाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. त्याला फार खर्च येत नाही.

हातात धरून पाहणे तर हवेच. साठीनंतर मनगट एक किलोचे ओझे तासभर पेलत नाही, आणि जड कॅमेरा कपाटात राहतो. मेनूतली अक्षरे चष्म्याशिवाय वाचता येतात का, बटणे न पाहता सापडतात का, हेही तपासावे. दुसरी बॅटरी, कार्ड आणि फोटोंची आणखी एक प्रत ठेवायला वेगळी डिस्क, हे सारे किमतीत धरूनच अंदाजपत्रक करावे.

आणि मेगापिक्सेल? चोवीस मेगापिक्सेलचे चित्र वीस बाय तेरा इंचांपर्यंत उत्तम छापता येते. आपल्या दिवाणखान्यात त्याहून मोठा फोटो लावण्याइतकी भिंत कितीजणांकडे आहे?

वाडा आता नाही. हेडकॅशिअरांच्या नव्या फ्लॅटमध्ये बारा बाय अठरा इंचांचा एक फोटो आहे. माजघरात काकू वाती वळत बसल्या आहेत. मागची भिंत काळोखात बुडाली आहे, थोडे कणही दिसतात. पण कापूस धरलेली बोटे इतकी स्पष्ट आहेत की नातवंडे जवळ जाऊन विचारतात, वात अशी वळतात का? काकू फ्लॅटमध्येच असतात. त्या पुढे होऊन दाखवतात.