हिरवळीवरच्या ट्रॅक्टरला धाप का लागते?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेकडील राज्यांत एप्रिल उजाडला, की घरापुढच्या हिरवळीला जाग येते आणि हिवाळाभर गॅरेजमध्ये पडून राहिलेले 'लॉन ट्रॅक्टर' बाहेर निघतात. शिकागो, डेट्रॉइट किंवा कोलंबसच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही बसून चालवायचे हे गवतकापणी यंत्र एव्हाना परके राहिलेले नाही. अर्धा-पाऊण एकराचे अंगण ढकलायच्या यंत्राने कापायचे म्हटले, तर सुटीचा सगळा दिवस त्यातच जातो. शिवाय गवत किती वाढू द्यायचे, याचे अनेक शहरांत नियम आहेत. ते मोडले, की आधी नोटीस येते आणि नंतर दंड. नेमक्या याच दिवसांत यंत्र कुरकुरू लागते. किल्ली फिरवताच ते सुरू होते, आवाजही ठणठणीत असतो. मात्र पाती लावून गवतात शिरताच आवाज खाली बसतो, पाती मंदावतात आणि गवत कापले न जाता नुसते लोळवले जाते. आपल्याकडच्या मेकॅनिकच्या भाषेत सांगायचे, तर इंजिन 'ओढत' नाही.

दुरुस्तीच्या दुकानांत वसंत ऋतूत रांग लागलेली असते. त्यामुळे घरमालक स्वतःच हात घालतो आणि बहुधा चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. आधी स्पार्क प्लग बदलतो, मग फिल्टर, मग नवा कार्ब्युरेटर मागवतो. तीन सुटे भाग बदलूनही यंत्राची तक्रार तीच. याचे कारण असे, की शक्ती कमी होणे हे एका बिघाडाचे नव्हे, तर आठ-दहा निरनिराळ्या बिघाडांचे समान लक्षण आहे. त्यांतला नेमका कोणता, हे इंजिन दम 'कधी' सोडते यावरून बरेचसे कळते. सुरू केल्याबरोबर, वीस मिनिटांनी, फक्त पाती लावल्यावर, की केवळ चढावर? पैसे खर्च करण्यापूर्वी या प्रश्नाच्या उत्तरासाठी अर्धा तास देणे कधीही स्वस्त पडते.

आवाज फसवा असतो

हे इंजिन स्कूटरच्या इंजिनासारखे वागत नाही, ही बाब आधी ध्यानात घ्यायला हवी. स्कूटरवर मूठ पिळली, की थ्रॉटलची झडप थेट उघडते. लॉन ट्रॅक्टरवर ससा आणि कासव यांची चित्रे असलेला जो दांडा असतो, तो झडप थेट उघडत नाही. तो केवळ एका स्प्रिंगचा ताण ठरवतो. झडप उघडण्या-मिटण्याचे काम 'गव्हर्नर' नावाची यंत्रणा करते. इंजिनाच्या पोटात फिरणारी छोटी वजने वेग वाढला, की बाहेर फेकली जातात आणि झडप मिटू पाहतात. स्प्रिंग ती उघडू पाहते. या रस्सीखेचीतून इंजिनाचा वेग मिनिटाला साधारण ३,००० ते ३,६०० फेऱ्यांच्या दरम्यान स्थिरावतो. भार पडून वेग किंचित उतरला, की वजने आत येतात, स्प्रिंगची सरशी होते, झडप उघडते आणि इंजिनाला अधिक मिश्रण मिळते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दांडा सशापर्यंत नेलेला असला, तरी भार नसताना झडप जेमतेम उघडी असते. तेव्हा इंजिनाला हवा आणि इंधन अगदी थोडे पुरते. म्हणजेच कार्ब्युरेटरचे जेट निम्मे बुजलेले असले किंवा फिल्टर धुळीने गच्च भरलेला असला, तरी गॅरेजच्या दारात यंत्र सुरेल चालते. दोष उघडा पडतो तो गवतात. म्हणून मोकळ्या जागेत इंजिनाचा आवाज ऐकून 'इंजिन ठीक आहे' असा निर्वाळा देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

निदानाची सर्वांत उपयुक्त चाचणी या गव्हर्नरपाशीच करता येते. तिला दोन माणसे लागतात. एकाने आसनावर बसून पाती लावायची. दुसऱ्याने इंजिनाच्या बाजूला, गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडापासून दूर उभे राहून कार्ब्युरेटरजवळची गव्हर्नरची तार पाहायची. पाती लागताच तार हलून झडप पूर्ण उघडली आणि तरीही वेग कोसळत गेला, तर गव्हर्नरने आपले काम केले आहे; इंजिनाला इंधन, हवा, ठिणगी किंवा दाब यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. वेग कोसळूनही तार जागची हलली नाही, तर गंज, सुटलेली स्प्रिंग किंवा गवताने जाम झालेला सांधा शोधावा. येथे नवा कार्ब्युरेटर काहीही करू शकणार नाही. गवतात शिरल्यावर इंजिनाचा आवाज कायम राहिला आणि तरी पाती किंवा चाके मंदावली, तर इंजिन निर्दोष आहे. पट्टा सैल झाला आहे किंवा घासून गुळगुळीत झाला आहे.

याच टप्प्यावर पात्यांवरचे आवरण, म्हणजे 'डेक', खालून पाहणे आवश्यक ठरते. ओल्या गवताचा लगदा वाळून तेथे बोटभर थर साचतो. बोथट पाती गवत कापण्याऐवजी फाडतात आणि त्यासाठी अधिक शक्ती खातात. पात्याच्या दांड्याचे बेअरिंग जाम होत आले असेल, तर निरोगी इंजिनही त्यापुढे हात टेकते. इंजिन बंद करून, किल्ली काढून, स्पार्क प्लगची तार सोडवून, मगच पाते हाताने फिरवून पाहावे. ते विनासायास फिरले पाहिजे. तार सोडवण्याचा आळस करू नये. पात्याखाली हात असताना इंजिन अर्धा फेरा फिरले, तरी बोटे जाण्यास तेवढे पुरते.

हिवाळा टाकीत साचतो

वसंतातल्या तक्रारींत मोठा वाटा असतो तो इंधनाचा. अमेरिकेत पंपावर मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. अशा पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकते. त्याहून अधिक झाले किंवा थंडीने तापमान उतरले, की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातूनच निघते. उरलेल्या पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि कार्ब्युरेटरच्या भांड्यात चिकट, पिवळसर थर मागे राहतो. मुख्य जेटचे छिद्र सुईच्या टोकाएवढे. त्यावर हा थर चढला, की भार पडताच इंधन अपुरे पडते. महिनाभराहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या यंत्रात स्थिरीकरण द्रव्य घालावे किंवा टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत, असा सल्ला इंजिन-उत्पादक देतात तो यामुळेच. पंधरा टक्के इथेनॉलचे इंधन २००१ व त्यानंतरच्या मोटारींना चालत असले, तरी लॉन ट्रॅक्टरमध्ये ते भरण्यास अमेरिकेत मनाई आहे. पंपावर घाईत चुकीची नळी उचलली जाते, हे मात्र खरे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटण्याचे कारण नाही. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर गेले आणि त्यात उसाच्या मळीचा व रसाचा वाटा मोठा आहे. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत पावसाळ्यानंतर कोपऱ्यात उभे केलेले गवत कापायचे यंत्र किंवा वर्षातून चार वेळा लागणारा जनरेटर याच कारणाने ऐनवेळी 'पिकअप' घेत नाही.

इंधन कमी पडते आहे का, हे कार्ब्युरेटर न उघडताही कळते. इंजिन भाराखाली दबले, की चोक हळूच अर्ध्यावर ओढावा. त्याने हवा कमी होते आणि मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिन सावरले, तर ते पेट्रोलसाठीच तडफडत होते. उलट ते आणखी दबले आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला, तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी असा प्रकार आहे. अशा वेळी हवेचा फिल्टर काढून पाहावा किंवा चोक पूर्ण उघडतो की नाही, हे तपासावे. कागदी फिल्टर पाण्याने धुऊन पुन्हा बसवणे ही काटकसर नव्हे.

वीस मिनिटांनी दम सोडणारे यंत्र ही वेगळी जात आहे. टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले, की जसजसे पेट्रोल संपते तसतशी आत निर्वात पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली येईनासे होते. इंजिन आचके देऊ लागताच ते बंद करून झाकण सैल करावे. 'स्स' असा आवाज होऊन हवा आत शिरली आणि दोन-चार मिनिटांत यंत्र पूर्ववत झाले, तर काम झाकणाच्या किमतीत भागले. अलीकडच्या यंत्रांत टाकीची वाफ कोळशाच्या डबीतून नेलेली असते. तेथे त्या नळीकडेही पाहावे लागते. झाकण उघडूनही फरक पडला नाही आणि इंजिन अर्धा तास थंड झाल्यावरच सुधारले, तर संशय इग्निशन कॉइलवर घ्यावा. तापल्यावर तिच्या आतील बारीक तार तुटक होते आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळते. म्हणून ठिणगीची चाचणी गरम इंजिनावर, बिघाड चालू असतानाच करायची असते. दुकानात नेईपर्यंत थंड झालेले यंत्र मेकॅनिकसमोर हमखास शहाण्यासारखे वागते.

गरम झाल्यावर शक्ती कमी होण्याचे याहून साधे कारणही असते. या इंजिनांत रेडिएटर नसतो. सिलिंडरवरील पंख्यांसारख्या पत्र्यांमधून हवा खेळवून ते थंड राखले जाते. पत्र्याच्या आवरणाखाली वाळलेले गवत दाटते आणि हिवाळ्यात तेथे उंदीर घर करतात. वरून पुसून चकचकीत ठेवलेल्या यंत्राचे आवरण काढल्यावर आत घरटे निघणे, हा दुरुस्ती करणाऱ्यांचा दर वसंतातला अनुभव आहे. उंदीर आणि गांधीलमाश्या सायलेन्सरलाही सोडत नाहीत. तोंड बुजले, तर धूर बाहेर पडत नाही आणि ताजी हवा आत येत नाही.

दोन सिलिंडरच्या इंजिनांत एक सिलिंडर मुकाट्याने बंद पडलेला असू शकतो. इंजिन चालत राहते, शक्ती मात्र अर्ध्याहून खाली येते. दोन्ही बाजूंच्या धुराच्या नळ्यांवर दुरून तापमान मोजणारे उपकरण धरले, की थंड नळी चोर दाखवून देते. खड्ड्यातून जाताना क्षणभर गचकणारे इंजिन मात्र अशक्त नसते. आसनाखालचा सुरक्षा-स्विच झिजलेला असतो. तो तारेने जोडून टाकण्याचा 'जुगाड' अमेरिकेतही चालतो. चालक पडल्यावर पाती थांबवणे हेच त्या स्विचचे काम आहे, हे तेव्हा कोणाला आठवत नाही.

छापील अश्वशक्ती आणि प्रत्यक्ष

काही वेळा यंत्रात दोष नसतोच. अशा इंजिनाची शक्ती समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांमागे सुमारे साडेतीन टक्क्यांनी घटते, कारण हवा विरळ होते. डेन्व्हर हे शहर ५,२८० फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. तेथे नव्या कोऱ्या लॉन ट्रॅक्टरची सुमारे अठरा टक्के शक्ती विनातक्रार गेलेली असते; किनारपट्टीवरून तेथे बदली झालेल्याने तीच कामगिरी अपेक्षिली, तर ते इंजिनावर अन्यायाचे होईल. छापील आकड्यांचाही इतिहास आहे. गवतकापणी यंत्रांची अश्वशक्ती फुगवून छापल्याच्या आरोपावरून ग्राहकांनी केलेले दावे २०१० मध्ये मिलवॉकी येथील संघीय न्यायालयात तडजोडीने मिटले.

हे सारे पाहून झाल्यावरच सिलिंडरमधील दाबाकडे वळावे. येथेही एक फसगत संभवते. सुरू करताना सोपे जावे, म्हणून यांपैकी बहुतेक इंजिनांत कमी वेगात एक झडप किंचित उघडी ठेवणारी योजना असते. त्यामुळे साधे दाबमापक लावल्यास चांगल्या इंजिनाचाही आकडा कमी दिसतो आणि ते नाहक निकालात काढले जाते. खरा निकाल गळतीच्या चाचणीतून लागतो. पिस्टन सर्वांत वर आणून, तो फिरणार नाही अशी तजवीज करून, प्लगच्या छिद्रातून हवेचा दाब द्यायचा आणि हवा कोठून निसटते ते ऐकायचे. कार्ब्युरेटरमधून फुसकारा आला तर आत घेणारी झडप, सायलेन्सरमधून आला तर बाहेर टाकणारी. झडपांच्या फटी जुळवण्याने हे दुरुस्त होत असेल, तर काम तासाभराचे आहे. तेलाच्या कांडीच्या तोंडातून हवा येऊ लागली, तर आधी हेडखालचे गॅस्केट पाहावे; ते काही डॉलरांत येते आणि फाटले असल्यास हेच लक्षण दाखवते. गॅस्केट शाबूत निघाले, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजला आहे. त्या दुरुस्तीचा खर्च आणि नव्या इंजिनाची किंमत हे दोन्ही आकडे दुकानदाराकडून एकाच वेळी मागून घ्यावेत. दहा-बारा हंगाम चाललेल्या एका सिलिंडरच्या यंत्रात बहुतेकदा दुसराच आकडा शहाणपणाचा ठरतो.