धानाच्या मुलखातली रोडबाइक

दोन-तीन हजारांची टायरची जोडी बदलली की सत्तर हजारांच्या सायकलीचा स्वभाव बदलतो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. रोडबाइक घ्यायला निघालेला माणूस दुकानात आधी विचारतो, फ्रेम कार्बनची की अ‍ॅल्युमिनियमची? मग सायकल एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेतो, मग गिअर मोजतो. गोंदिया जिल्ह्यात सायकल चालवायची असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. आधी शरीराचे माप, मग टायर, मग गिअर आणि ब्रेक. फ्रेम कशाची आणि वजन किती, हे सगळ्यात शेवटी.

त्याचे कारण इथले रस्ते. गोंदियाहून गोरेगावमार्गे कोहमाऱ्याला निघालात तर शहराबाहेर पडेपर्यंत धूळ आणि डागडुजीचे डांबर, मग गुळगुळीत पट्टा, दर गावाला गतिरोधक, आणि कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ लागला की रायपूर-नागपूरचे ट्रक. पुढे सडक अर्जुनीवरून नवेगावबांधकडे वळले की जंगल सुरू होते. आमगाव-सालेकसा-दरेकसाच्या बाजूला चढउतार आहेत. तिरोड्याकडचा रस्ता बराचसा सपाट. त्यात ऋतू बदलला की रस्ताही बदलतो. रोवणीच्या दिवसांत चिखलणी करून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर पसरते आणि पहिल्या सरीनंतर तिचा चिकट थर होतो. कापणी-मळणीनंतर काही गावांत अर्धा रस्ता वाळत घातलेल्या धानाचा असतो. त्या धानावरून सायकल कधीच नेऊ नये. चाक घसरते हे एक, आणि ते कुणाचे तरी वर्षभराचे पीक आहे.

याच रस्त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जी सायकल चालली ती आपली अठ्ठावीस इंची, दांडीची, काळी. अ‍ॅटलस, हिरो, हर्क्युलिस, अ‍ॅव्हॉन. तिच्यापासूनच तुलना सुरू करायला हवी, कारण ती फार विचारपूर्वक केलेली रचना आहे. वजन वीस किलोच्या आसपास. पुढचा चिमटा ६८ अंशांच्या आसपास कललेला, त्यामुळे हँडल शांत राहते. कॅरिअरवर धानाचे पोते असले तरी सायकल सरळ रेषेत चालते. दोन चाकांमधले अंतर लांब, टायर दीड इंची, सीट स्प्रिंगची. खड्ड्याचा धक्का आधी टायर खातो, मग लांब चिमटा, मग स्प्रिंग. माणसापर्यंत पोचतो तो उरलासुरला.

तिची मर्यादा गिअरमध्ये आहे. पुढे ४४ दात आणि मागे १८ दात धरले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले की ताशी जवळजवळ २० किलोमीटर. सपाटीवर हे छान जुळते. दरेकसाच्या चढाला मात्र उतरून चालावे लागते आणि उतारावर पाय रिकामे फिरतात. दुसरी मर्यादा ब्रेकची. दांड्यांचा ब्रेक रिमला आतून दाबतो, रिम चकचकीत पोलादी असते, आणि ती ओली झाली की ब्रेक जवळजवळ लागतच नाही.

आता दुसऱ्या टोकाची सायकल घेऊ, निव्वळ शर्यतीची. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने शर्यतीच्या सायकलीला किमान वजनाची मर्यादा घातली आहे ६.८ किलोची, म्हणजे आपल्या काळ्या सायकलीच्या एक तृतीयांश. चिमटा ७३ अंशांच्या आसपास उभा, चाके जवळ, हँडल सीटपेक्षा खाली. पायडलवर जोर दिला की ती लगेच उसळते. मनात वळायचे आले तोवर वळलेली असते. चांगल्या डांबरावर हा अनुभव विलक्षण असतो आणि ज्याने तो घेतला त्याला त्याची ओढ का लागते, हे मला पूर्ण समजते. पण गतिरोधक, खडी, अंगावर येणारा टिप्पर आणि ध्यानीमनी नसताना आडवे येणारे वासरू यांच्यामध्ये तिचा हाच चपळपणा थकवतो. तासाभराने लक्ष रस्त्याच्या सौंदर्याकडे राहत नाही, पुढच्या दोन मीटरांत अडकते.

या दोन टोकांच्या मध्ये एक जात आहे, लांब पल्ल्याची किंवा एंड्युरन्स रोडबाइक. स्पेशलाइज्डने २००४ मध्ये ‘रुबे’ नावाची सायकल आणली, फ्रान्समधल्या दगडी फरसबंद रस्त्यांच्या पॅरिस-रुबे शर्यतीवरून नाव घेऊन. ट्रेकने २०१२ मध्ये ‘डोमाने’ आणली. तिच्यात सीटची नळी फ्रेमला जिथे मिळते तिथे थोडा लवचीक सांधा दिला. जायंटची ‘डिफाय’ याच जातीची, तर तिचीच ‘टीसीआर’ शर्यतीच्या जातीची. दोन्ही शेजारी ठेवल्या तर अनोळखी माणसाला फरक सांगता येणार नाही. पण एंड्युरन्स सायकलीत हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर आणि थोडे जवळ असते, चाकांमधले अंतर किंचित जास्त असते आणि फ्रेममध्ये रुंद टायरला जागा असते. कागदावर एवढेसे दिसणारे हे आकडे साठ-सत्तर किलोमीटरनंतर मानेत आणि कमरेत कळतात.

कमी किमतीतही हा पर्याय आहे. डिकॅथलॉनच्या ‘ट्रायबन’ सायकलींनी बऱ्याच भारतीय सायकलस्वारांना रोडबाइकची पहिली ओळख करून दिली, आणि त्यांची ठेवण शर्यतीच्या सायकलीपेक्षा सैलच आहे. ग्रॅव्हल बाइक ही आणखी पुढची पायरी. हँडल रोडबाइकचे, टायर ४० मिलिमीटरचे किंवा त्याहून रुंद. नागझिऱ्याच्या आसपासच्या गावांतून मुरमाच्या रस्त्याने फिरायची आवड असलेल्याला ती उत्तम. फक्त डांबरावर चालवणाऱ्याला तिचा जडपणा जाणवेल.

पण जात निवडली म्हणजे काम झाले असे नाही. एकाच मॉडेलची सायकल दोन माणसांना पूर्ण वेगळी वाटते, कारण ती एकाला बसते आणि दुसऱ्याला बसत नाही. जुन्या सायकलीत मापे बहुधा दोनच असत, २२ इंची आणि २४ इंची फ्रेम. दांडीवरून पाय पोचत नसलेली पोरे मधून पाय घालून कैची मारत शिकली आणि मोठी झाल्यावर त्याच सायकलीवर बसली. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या; घरापासून शाळेचे अंतर त्यामुळे तुटले, ही फार मोठी गोष्ट आहे. बाजारातल्या अशा सायकली मात्र बहुधा एकाच मापाच्या असतात. आठवीतली आणि बारावीतली मुलगी त्याच सीटवर बसते. निदान सीटची उंची प्रत्येकीसाठी वेगळी लावून द्यावी, त्याला पाना लागतो आणि पाच मिनिटे.

सीटची उंची काढायची एक जुनी रीत आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, एक जाडसर वही मांड्यांमध्ये घट्ट वर दाबून धरा आणि वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे माप घ्या. त्याला ०.८८३ ने गुणा. येणारा आकडा म्हणजे पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर. पायाची लांबी ७८ सेंटिमीटर असेल तर हे अंतर ६९ सेंटिमीटरच्या आसपास येते. हे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार आणि अमेरिकन विजेता ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखले जाते. ती सुरुवात समजावी. पुढे शरीर सांगेल. गुडघा समोरून दुखू लागला तर सीट बहुधा खाली आहे. मागच्या बाजूने ओढ लागली किंवा कंबर डावी-उजवीकडे डुलू लागली तर ती वर आहे. आपल्याकडे थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून सीट खाली ठेवायची सवय आहे. रोडबाइकवर ही सवय सोडावी लागते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचे असते.

उंचीपेक्षा अवघड गोष्ट आहे हँडलपर्यंतची पोच. ते दूर असेल तर कोपर ताठ होतात, सगळा भार तळहातावर येतो आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते, कारण तळहाताच्या त्या बाजूने जाणारी नस दाबली जाते. स्टेम, म्हणजे हँडलला चिमट्याशी जोडणारा तुकडा, एक-दोन सेंटिमीटर आखूड लावला की कितीतरी जणांची ही तक्रार जाते. एका मापाने मोठी फ्रेम स्वस्तात मिळते म्हणून घेतली तर मात्र स्टेम आखूड करून ती लहान होत नाही.

इथे वेगाचा प्रश्न येतो, कारण वाकून बसणे म्हणजे वेग असे समीकरण आहे, आणि ते खोटे नाही. ताशी तीस किलोमीटरच्या वेगाला सपाटीवर आपली बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला अडवणारा मोठा भाग सायकलीचा नसून आपल्या अंगाचा असतो. वेग वीसवरून तीसवर नेला तर हवेविरुद्ध लागणारी ताकद जवळजवळ साडेतीन पट होते. म्हणून शर्यतवाला खाली वाकतो. पण ही ठेवण जो दहा मिनिटेच सांभाळू शकतो, त्याला उरलेले तीन तास हँडलचा वरचा भाग धरून बसावे लागते, आणि मग खाली असलेले हँडल काहीच कामाचे नाही. शरीर जितके वाकून बराच वेळ राहू शकते, तीच त्याच्यासाठी वेगवान ठेवण.

वजनाचा हिशेबही करून पाहू. दोन किलो हलक्या सायकलीसाठी माणूस सहज चाळीस-पन्नास हजार जास्त मोजतो. १०० मीटर उंची चढताना हे दोन किलो वर नेण्यास साधारण १९६० ज्यूल ऊर्जा लागते. २०० वॉट ताकदीने चढणाऱ्याचे त्यात दहा सेकंद जातात. सह्याद्रीत घाटामागून घाट चढणाऱ्याला दहा-दहा सेकंद जोडून मिनिटे मिळतील. वैनगंगेच्या खोऱ्यात तेवढ्या पैशांत चांगले टायर, चांगले दिवे, हेल्मेट आणि शरीराला बसणारी सीट घेऊन वर पैसे उरतात.

टायरबद्दलची समजूत तर गेल्या पंधरा वर्षांत पुरती पालटली. पूर्वी शर्यतीच्या सायकलीला २३ मिलिमीटरचे टायर आणि त्यात शंभर पीएसआयच्या वर हवा, हा नियम होता. गुळगुळीत फिरत्या ढोलावर टायर तपासले की जास्त हवा भरलेला टायर कमी ऊर्जा खातो असे दिसे. पण ढोलावर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्याला उचलला जातो, सायकल आणि माणूस दोघेही थरथरतात, आणि ती थरथर स्नायूंमध्ये जिरते म्हणजे ताकद वाया जाते. रुंद टायर त्याच दाबाला आखूड आणि आडवा टेकतो, कमी चेपला जातो, आणि कमी हवा भरता येत असल्याने खडे गिळून पुढे जातो. म्हणून जगातले व्यावसायिक संघही २३ वरून २५ वर, मग २८ वर आणि त्याच्याही पुढे गेले. आपल्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायर म्हणजे ३८ मिलिमीटर. आधुनिक सायकल तिच्याच दिशेने सरकते आहे, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये पन्नास-साठ पीएसआय हवा ठेवून सुरुवात करावी आणि आपल्या रस्त्यावर थोडी कमी-जास्त करून पाहावी. विदर्भातल्या उन्हाळ्याचे एक भान हवे. पहाटे २५ अंशांना ८० पीएसआय भरलेली हवा ४५ अंशांना सहा-सातने वाढते. सायकल उन्हात उभी करायची असेल तर काठोकाठ भरू नये. बाभळीचा काटा रुंद टायरलाही सोडत नाही. दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि पंप हे सामान सोबत हवेच, कारण रोडबाइकची ट्यूब गावातल्या दुकानात मिळेलच असे नाही.

गिअरबाबत थोडक्यात. पुढे ५०-३४ आणि मागे ११-३४ दातांची जोडी इथे सर्वांत उपयोगी. सर्वांत हलक्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सव्वादोन मीटरांहून कमी, सर्वांत जडमध्ये साडेनऊ मीटरांहून जास्त. दरेकसाही यात येते आणि तिरोड्याचा सपाट रस्ताही. ब्रेक मात्र डिस्कचेच घ्यावेत. वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात चिखलाचे पाणी रिमवर येणारच, आणि डिस्क त्या चिखलापासून वर असते. तारेवर चालणारी साधी डिस्क पुरते. तेलाची जास्त चांगली, पण तिची दुरुस्ती जाणणारा कारागीर बहुधा नागपूरलाच गाठावा लागतो.

नागपूर म्हटले की डॉ. अमित समर्थ यांचे नाव घ्यायलाच हवे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ त्यांनी २०१७ मध्ये १२ दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही त्याच वर्षी. असे करणारे हे दोघे पहिले भारतीय. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांचा संघ करून ती पुरी केली होती. २०१८ मध्ये समर्थ मॉस्को ते व्लादिवोस्तोक असे नऊ हजारांवर किलोमीटर गेले. इतक्या अंतरात सायकलीचा वेग दुय्यम ठरतो. त्या सीटवर दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी बसवते का, यावर सगळे अवलंबून असते.

सामान्य माणसासाठी याचे छोटे रूप म्हणजे ब्रेवे, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब फेरी. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. हिशेब केला तर थांबे धरून ताशी पंधरा किलोमीटर. काळ्या सायकलीचा वेग याहून जास्त आहे! ब्रेवे अर्धवट सुटते ती सायकल हळू म्हणून क्वचितच. मान, तळहात, बैठक आणि पंक्चर हीच कारणे असतात.

माझा निर्णय स्पष्ट आहे. गोंदिया, भंडारा, बालाघाट, राजनांदगावच्या रस्त्यांवर फिरणाऱ्याने एंड्युरन्स ठेवणीची, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि पुढे कार्बनचा चिमटा असलेली, ३२ मिलिमीटरच्या टायरची, डिस्क ब्रेकची सायकल घ्यावी. हलकी कार्बन सायकल ज्याला शर्यतीत उतरायचे आहे त्याच्यासाठी. आणि दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. आधी आपल्या पायाचे माप सांगा, मग विचारा, या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो? टायर, सीट, स्टेम, गिअर पुढे केव्हाही बदलता येतील. फ्रेमचे माप आणि टायरची जागा बदलता येणार नाही.