शेवटचे पाच मीटर

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतील मशीन शॉपमध्ये दिवसभर ज्या मापाचा व्यवहार चालतो ते मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे असते. मात्र तिथल्याच कामगाराच्या खिशातला मोबाइल स्वतःची जागा सांगताना मोकळ्या आकाशाखालीही साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो. ‘जिओकॅशिंग’ हा खेळ या पाच मीटरांवरच उभा आहे. एकाने डोंगरात झाकणबंद डबा ठेवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी तो शोधून आतल्या नोंदवहीत नाव व तारीख लिहून जागच्या जागी परत ठेवायचा, इतकीच त्याची रीत आहे. नावातील ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही, लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो शब्द आला आहे.

इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानात 1854 पासून असे नोंदीचे डबे ठेवले जात, पण आजच्या खेळाला ठरावीक जन्मतारीख आहे. अमेरिकेच्या लष्करासाठी उभारलेल्या जीपीएस यंत्रणेचा नागरी संदेश मुद्दाम अस्पष्ट ठेवला जाई, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. 2 मे 2000 रोजी ही अडवणूक बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉन राज्यातील झाडीत एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या किमान चार उपग्रहांचे संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून मोबाइल आपली जागा काढतो. कडा किंवा दाट झाडी आड आली की तो हिशेब बिघडतो आणि पाच मीटरांचे पंधरा-वीस होतात.

त्याहून मोठी चूक आकडे वाचण्यात होते, आणि ती मुलांना आधीच समजावून द्यावी. कागल परिसराचा अक्षांश 16.58 अंश म्हणजे 16 अंश 34.8 मिनिटे, कारण एका अंशाची साठ मिनिटे होतात. तेच कोणी 16 अंश 58 मिनिटे असे वाचले, तर तो सुमारे 43 किलोमीटर उत्तरेला, वारणा ओलांडून सांगली जिल्ह्यात पोहोचेल. शाळेच्या भूगोलात कोरडा वाटणारा हा भाग डबा हाती लागायचा असेल तेव्हा मुले आपणहून शिकतात.

कागलच्या कुटुंबांना सुट्टीच्या दिवशी सहज गाठता येईल असा डोंगर पन्हाळ्याकडचा. खुद्द पन्हाळगडावर मात्र डबा ठेवण्याचा विचारही करू नये, कारण तो संरक्षित स्मारक आहे, 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आहे आणि तटाच्या फटीत हात घालणाऱ्यांची रांग कोणत्याही तटाला सोसणारी नाही. पुढच्या म्हाळुंगे गावावरून मसाई पठारावर जाणारी, 1660 मध्ये शिवाजी महाराज ज्या मार्गाने विशाळगडाकडे गेले ती वाट लहान मुलांनाही झेपते. पण हे पठारही संवर्धन राखीव क्षेत्र आहे, पावसाळ्यानंतर तिथे पायवाट सोडून टाकलेले प्रत्येक पाऊल फुलांवर पडते आणि दगडांच्या कपारीत फुरसे असते. फुरसे हा वीतभर ते दोन वितींचा, दगडाच्या रंगात मिसळून जाणारा जहाल विषारी साप आहे. ‘दगडाखाली हात घालून बघ’ हा युरोपातला निरुपद्रवी खेळ सह्याद्रीत मुलाच्या जिवावर बेतू शकतो.

म्हणून इथे या खेळाचा बिनडब्याचा प्रकारच उत्तम. त्याला ‘अर्थकॅश’ म्हणतात. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेने तो 2004 मध्ये सुरू केला. त्यात ठेवा म्हणजे खुद्द जमीन: सांगितलेल्या जागी जायचे, तिथला खडक पाहायचा आणि तिथे गेल्याशिवाय देता येणार नाहीत अशा प्रश्नांची उत्तरे कळवायची. मसाईच्या चढावर असा प्रश्न तयारच आहे: काळा कातळ कुठे संपतो आणि तांबडा जांभा कुठे लागतो?

काळा कातळ हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट, आणि जांभा हे त्याचेच कुजलेले रूप. ऊन-पावसाने त्यातील विरघळणारे घटक वाहून गेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले व लोह गंजून दगड तांबडा झाला. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात पाहिलेल्या अशाच दगडाला 1807 मध्ये ‘लॅटेराइट’, म्हणजे लॅटिन भाषेत विटेचा दगड, असे नाव दिले, कारण ओला असताना तो कुऱ्हाडीने कापता येतो आणि हवा लागली की टणक होतो.

या दोन दगडांतला फरक तपासायला मुलाच्या हाती पाण्याची बाटली आणि एक चमचा द्यावा, आणि पाय ठेवण्यापूर्वी काठी आपटून जागा पाहून घ्यावी. एक चमचा पाणी काळ्या कातळावर ओतले, तर ते उतार शोधत घसरून जाते. तेच कोरड्या जांभ्याच्या खळग्यात ओतून मुलाने मोठ्याने आकडे मोजावेत, पाणी दिसेनासे होताच जो आकडा आला तो वहीत लिहावा आणि शेजारी आईने केलेल्या मोजणीचा आकडाही मांडावा. दोन्ही आकडे बहुधा जुळणार नाहीत, आणि मग तिसऱ्यांदा मोजायला दोघांनाही त्याच खळग्याशी पुन्हा खाली बसावे लागेल.